जुना रॉक बँड पुन्हा एकत्र येतोय: गोव्यात पहिल्यांदाच ऐकायला जाणाऱ्यांसाठी

पोस्टरवर चार-पाच पिकल्या केसांचे गडी, काळे टी-शर्ट, मागे धुराचे लोट आणि वर मोठ्या अक्षरांत 'रीयुनियन'. ग्रुपवर कुणीतरी तिकिटांची लिंक टाकतो, बाकीचे उड्या मारतात आणि तुम्हाला मात्र त्या बँडची जेमतेम दोन गाणी ठाऊक असतात, तीही काकाच्या जुन्या कॅसेटवर ऐकलेली. जायचं तर आहे, पण तिथं नेमकं काय होतं, किती वेळ उभं राहायचं, परत कसं यायचं, काहीच माहीत नाही. हे लिहिलंय ते तुमच्यासाठी. ज्यांनी रॉक कोळून प्यायलंय त्यांनी फार तर परतीच्या गाडीचा भाग वाचावा, कारण गोव्यात तिथं भले भले अडकतात.

माझं मत आधीच सांगतो. रेकॉर्डवरचं गाणं जसंच्या तसं ऐकायची अपेक्षा घेऊन रीयुनियनला जाऊ नये. रेकॉर्ड घरी आहेच. एकेकाळी एकमेकांचं तोंडही न बघणारी ही माणसं आज, या वयात, एकमेकांबरोबर कशी वाजवतात ते ऐकायचं असतं. एवढं डोक्यात ठेवलंत की खालची बरीचशी तयारी आपोआप सुचते.

पोस्टर नीट वाचा

रीयुनियन हा शब्द आयोजक फार सढळ हातानं वापरतात. म्हणून पैसे देण्याआधी पहिलं काम: स्टेजवर कोण कोण असणार ते शोधून काढणं. बँडचं नाव एक आणि वाजवणारी माणसं भलतीच, असं सर्रास होतं.

काही उदाहरणं बघा. डीप पर्पल १९८४ मध्ये परत आला तेव्हा गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर आणि पेस असे त्यांच्या सर्वांत गाजलेल्या संचातले पाचही जण हजर होते. हे शंभर नंबरी रीयुनियन. पिंक फ्लॉइडचे वॉटर्स, गिल्मर, मेसन आणि राइट २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात लाइव्ह एट या मोठ्या कार्यक्रमाच्या मंचावर उभे राहिले, ते २४ वर्षांनी. वॉटर्स आणि गिल्मर यांचं भांडण कोर्टकचेरीपर्यंत गेलेलं होतं. त्या संध्याकाळी मोजकी गाणी झाली आणि पुन्हा ज्याची त्याची वाट वेगळी. २००८ मध्ये रिचर्ड राइट गेला आणि चौघांनी एकत्र वाजवण्याची शक्यताच संपली. लेड झेपलिनचं १० डिसेंबर २००७ चं लंडनच्या ओटू अरीनातलं प्रकरण जरा वेगळं. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्येच वारला होता, त्याच्या जागी मुलगा जेसन बसला. बापाची गादी मुलगा चालवतो हे आपल्याला काही नवं नाही, त्यामुळे मला तरी ते खरं रीयुनियनच वाटतं. याच्या पार दुसऱ्या टोकाला फॉरेनर: या बँडचे असेही कार्यक्रम झाले आहेत की मूळ संचातला एकही माणूस मंचावर नव्हता. आणि नाव लावताना प्रामाणिक राहायचं कसं ते क्वीनकडून शिकावं. ब्रायन मे आणि रॉजर टेलर नव्या गायकाला घेऊन फिरले तेव्हा पाटीवर 'क्वीन अधिक ॲडम लॅम्बर्ट' असंच लिहिलेलं असायचं.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. मुंबईत १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये परत उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया ही जुनी मंडळी. बास (खालच्या, जाड स्वरांची गिटार) आणि ड्रमवर नवी पोरं. त्यांनी नुसती जुनी गाणी विकली नाहीत, २०१२ मध्ये नवा अल्बमही काढला. परत आलेल्या बँडनं नवीन काही लिहिलंय का, हे मी नेहमी बघतो. लिहिलं असेल तर माणसं एकमेकांशी निदान बोलत तरी आहेत असं समजायला हरकत नाही.

आता पोस्टरवरची बारीक अक्षरं. 'ट्रिब्यूट टू' असेल तर वाजवणारे दुसरेच. 'द म्युझिक ऑफ' म्हणजेही बहुतेक तेच. 'फीचरिंग' आणि पुढे एकच नाव म्हणजे जुना एक माणूस आणि बाकी भाड्याचा संच. 'ओरिजिनल लाइनअप' लिहिलेलं असेल तर नावं जुळवून बघा. सगळ्यात सोपी खात्री अशी: बँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर दौऱ्याच्या तारखा असतात, त्यात गोवा आहे का ते पाहायचं. नसेल तर थांबायचं.

सीझनमध्ये कळंगुट-हणजूण पट्ट्यात ट्रिब्यूटच्या रात्री ढिगानं असतात आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. इथल्या चर्चच्या पॅरिश शाळांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवली. मुंबईच्या सिनेमासंगीतातले वाद्यवृंद गोवेकरांनी भरलेले होते ते त्यामुळेच. गोव्यातला कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारा, कित्येकदा परदेशातून आलेल्या थकलेल्या मूळ बँडपेक्षा चोख वाजवतो. फक्त ट्रिब्यूटला ट्रिब्यूट समजून जा, आणि तेवढेच पैसे द्या.

घरची तयारी

सगळे अल्बम ऐकत बसू नका. एक गाजलेला अल्बम, एक जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग आणि या वर्षा-दोन वर्षांतला प्रेक्षकांतून कुणीतरी मोबाइलवर घेतलेला एक व्हिडिओ, एवढं पुरे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण आवाज आज कुठे आहे ते तिथंच कळतं.

वय झालं की पट्टी उतरते. नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तरुणपणी काळी चारमध्ये गाणारा गवई म्हातारपणी खाली येतो आणि जाणकार त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. रॉकमध्येही हेच होतं, पण इथं गायकाबरोबर गिटारही खाली येते. तारा अर्ध्या किंवा पूर्ण स्वरानं सैल करतात, त्यामुळे तेच गाणं थोडं जड, काळोखं वाटायला लागतं. उंच किंकाळीच्या जागा गायक एकतर प्रेक्षकांकडे माइक करून भागवतो, नाहीतर मागच्या कोरसवाल्यांवर सोडतो. हे आधी माहीत असलं की 'आवाज गेला रे याचा' असं म्हणण्याऐवजी तो जागा कशी सांभाळून घेतो ते ऐकायला मजा येते.

गाण्यांची यादी आधी बघावी का? यावर दोन तट आहेत. दौऱ्यावरचे बँड बहुतेक तीच ती गाणी त्याच क्रमानं वाजवतात आणि सेटलिस्ट डॉट एफएमवर मागच्या कार्यक्रमाची यादी मिळते. मुरलेले श्रोते म्हणतात, बघू नका, गंमत जाते. नवख्यानं खुशाल बघावी. त्यातली पाच-सहा गाणी निवडायची आणि प्रत्येक दोनदा ऐकायचं: एकदा नेहमीसारखं, गायकाच्या मागे; आणि दुसऱ्यांदा फक्त बास गिटार धरून, बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करून. दुसऱ्या वेळी गाणं निराळंच ऐकू येतं. मंचावर बास आणि ड्रम यांची जोडी जमली की वर काहीही झालं तरी गाणं पडत नाही, आणि जुन्या संचात बिनसलेलं असलं तर ते सर्वांत आधी इथंच जाणवतं.

गोव्याला परत येण्याचं अप्रूप ठाऊक आहे. कोकणी गायिका लॉर्ना संगीतकार ख्रिस पेरीपासून वेगळी झाल्यावर कित्येक वर्षं गायलीच नव्हती आणि १९९५ मध्ये ती पुन्हा मंचावर आली. इथल्या पन्नाशी-साठीच्या कुणालाही लॉर्नाबद्दल विचारा, रीयुनियनला लोक का रडतात ते समजेल.

तिकीट

ॲपवरून काढा, पास 'कुणाकडून तरी' घेऊ नका. क्यूआर कोड एकदाच चालतो. तुमच्याआधी कुणी तो दाखवून आत गेला तर दारावरचा मुलगा काही करू शकत नाही. म्हणून उत्साहाच्या भरात तिकिटाचा फोटो स्टेटसला लावायचा नाही.

'जनरल' म्हणजे उभं राहणं. 'फॅन पिट' म्हणजे मंचाला चिकटून उभं राहणं, जास्त पैसे देऊन. पहिल्या वेळेला पिट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे: आवाज तिथं चांगला नसतो आणि लघवीला जायचं म्हटलं तर जागा गेलीच. हॉटेल किंवा क्लबात कार्यक्रम असेल तर 'कव्हर चार्ज' असतो. तो खाण्यापिण्यात वळता होतो की नुसत्या प्रवेशाचा आहे हे फोन करून विचारा. वयाची अटही वाचा. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, त्यामुळे बार असलेल्या जागी कॉलेजच्या पोरांना कधी आतच घेत नाहीत, कधी हाताला वेगळ्या रंगाची पट्टी बांधून सोडतात. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवंच.

दहाचा नियम

बाहेरगावच्या लोकांची समजूत असते की गोव्यात सगळं रात्री उशिरा सुरू होतं. जत्रेतलं नाटक होतं खरं तसं, पालखी झाल्यावर, निवांत. पण उघड्यावरच्या रॉक कार्यक्रमाला तो हिशेब लावू नका.

देशभर लागू असलेल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. तुमचा कार्यक्रम त्या दिवसांत असेल असं धरून चालू नका. गोव्यात या विषयावर रहिवासी जागरूक आहेत, तक्रारी होतात आणि पोलीस येतात.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की मैदानातला कार्यक्रम असेल तर मुख्य बँड साडेसात-आठलाच मंचावर येतो. 'नऊपर्यंत पोचू, आधी कोणीतरी लोकल बँड असेल' म्हणणारे निम्मा कार्यक्रम घालवतात. दहाला पाच मिनिटं कमी असताना आवाज बंद होऊ शकतो, मग राहिलेलं सर्वांत गाजलेलं गाणं राहिलंच. सुरुवातीचा बँडही ऐका. मंचाची आवाजव्यवस्था कशी आहे याचा अंदाज त्यातच येतो.

बंद सभागृहात गोष्ट वेगळी. पणजीत कांपालला, मांडवीच्या काठावर कला अकादमी आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू, आणि तिथल्या मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथांचं नाव आहे. तिथं खुर्चीवर बसून ऐकायचं, खाणंपिणं बाहेर. ताळगावला विद्यापीठाच्या बाजूला श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आहे. मोठे कार्यक्रम तिथं होतात. पत्र्याच्या आणि काँक्रीटच्या मोठ्या पोकळीत आवाज घुमतो, तेव्हा तिथं मागच्या भिंतीला टेकून उभं राहू नका.

जायचं कसं, आणि परत यायचं कसं

माझा भाचा पुण्याहून फोन करतो, "मामा, कार्यक्रम संपल्यावर ओला मिळेल ना?" नाही रे बाबा. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, पण दोन-तीन हजार माणसं एकाच वेळी बाहेर पडून तेच ॲप उघडतात तेव्हा काय होतं ते सांगायला नको. कदंबच्या आणि खासगी बसगाड्या अंधार पडल्यावर विरळ होत जातात. दहा-साडेदहाला वागातोरच्या डोंगरावरून म्हापशाला बस मिळेल ही आशा सोडून द्या. पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, दिवसा एकट्या माणसाला उत्तम. रात्री आडगावात मिळेलच असं नाही.

म्हणून परतीची सोय आधी, तिकीट नंतर. तीन मार्ग आहेत.

पहिला, कार्यक्रमाच्या जागेपासून चालत जाता येईल इथंच राहणं. कांपालला असेल तर पणजीत, फोंताइन्हासपर्यंत कुठंही राहा, चालत याल. दुसरा, टॅक्सीवाल्याशी जाता-येताचं एकत्र ठरवणं. भाडं, थांबण्याचे पैसे आणि भेटायची जागा तिन्ही आधी बोलून घ्या, आणि ती जागा गेटसमोर नको. एखाद्या पेट्रोल पंपापाशी किंवा चर्चपाशी, दोन-तीनशे मीटर लांब. गेटसमोर गाडी अर्धा-पाऊण तास हलत नाही. तिसरा मार्ग भाड्याच्या गाडीचा. गोव्यात भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि आकडे पिवळे असतात. पांढऱ्या पाटीची स्कूटर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, पोलिसानं अडवलं की भुर्दंड तुम्हाला. आणि चालवणारा पिणार नाही, हे घरूनच ठरवून निघा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याचं सोडा, हणजूण-आसगावचे रस्ते अरुंद, बिनदिव्याचे आणि वळणावळणाचे आहेत.

महाराष्ट्रातून रेल्वेनं येणाऱ्यांनी उत्तरेकडच्या कार्यक्रमासाठी थिवीला उतरावं, पणजीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. कोकणकन्या मुंबईकडे संध्याकाळी निघते, म्हणजे कार्यक्रम ऐकून त्याच रात्री ती पकडता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी घ्यावी. विमानानं येणार असाल तर तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते बघा. मोपा पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला, आणि दाबोळी वास्कोजवळ. चुकीच्या विमानतळाचं तिकीट काढलं तर टॅक्सीच कॉन्सर्टपेक्षा महाग पडते.

कानांचं बघा

रॉकच्या लेखात हा भाग लोक गाळून पुढे जातात, म्हणून मी तो ऐसपैस लिहितोय.

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा दंडक आहे: ८५ डेसिबल आवाजात ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो मानदंड दिला, त्यात सरासरी कमाल मर्यादा १०० डेसिबलचीच आहे. म्हणजे अगदी नियम पाळणाऱ्या कार्यक्रमातसुद्धा दोन तास उघड्या कानांनी उभं राहणं जास्तच होतं. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मंचावरच्या म्हाताऱ्या गिटारिस्टांना विचारा, त्यांच्यातले कितीतरी कानातल्या शिट्टीसह जगतात.

उपाय स्वस्त आहे: औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग. पण ते नुसते कानात कोंबून उपयोग नाही. बोटांमध्ये वळून फुलवातीसारखी बारीक सुरळी करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वाट सरळ होते. सुरळी आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटानं धरून ठेवायची. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. न वाटला तर काढून परत घाला. फोमनं वरचे स्वर जरा मंद होतात. ते नको असेल तर वादकांसाठीचे फिल्टरचे प्लग मिळतात, थोडे महाग, पण गाणं तसंच राहून फक्त कमी होतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना डोक्यावरून बसणारे इअरमफ घाला, आणि ते नसतील तर मुलांना नेऊ नका.

बाकी सामान थोडंच. बंद बूट (चपलेवर चार तास आणि अंधारात कुणाचा तरी टाचेचा बूट, नको), सुती शर्ट, पॉवर बँक. मांडवीकाठी तिन्हीसांजेला डास फोडून काढतात, क्रीम लावून जा. पाण्याची बाटली आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा बहुतेक ठिकाणी गेटवरच काढून घेतात. पाऊस गेल्यानंतरच्या महिन्यांतही उकाडा असतो, त्यामुळे आत मिळेल ते पाणी पीत राहा.

आत गेल्यावर

लगेच पुढे धावू नका. आधी बाथरूम कुठे, बाहेर पडायची दारं कुठे, ते बघून ठेवा. बरोबरच्यांशी भेटायची जागा ठरवा, कारण गर्दी भरली की मोबाइलचं नेटवर्क गचकतं. टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. संपल्यावर उरतात ते एक्सएस आणि ट्रिपल एक्सएल.

मग साउंडवाल्याचं टेबल शोधा. मैदानाच्या मध्यावर, मंचासमोर, कठडा लावलेला छोटा मांडव असतो आणि त्यात दिव्यांच्या बटणांचा भला मोठा फळा. सगळा आवाज तिथं बसलेला माणूस स्वतःच्या कानांनी जुळवत असतो. तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकायचं असेल तर त्याच्या मांडवासमोर, किंचित एका बाजूला उभं राहायचं. तिकिटाचे कितीही पैसे मोजा, आवाजासाठी याहून चांगली जागा नाही. स्पीकरच्या भिंतीसमोर मात्र कधीही उभं राहू नका.

लवकर पोचलात तर मंचाकडे लक्ष ठेवा. काळ्या कपड्यांतला एक जण येऊन ड्रमवर एकच ठोका पुन्हा पुन्हा मारत राहतो, पंचवीस-तीस वेळा, आणि साउंडवाला मान हलवतो. दुसरा हातात चिकटपट्टी घेऊन जमिनीवर खुणा करतो. मग गायकाच्या पायाशी, मॉनिटर स्पीकरच्या शेजारी, एक कागद चिकटवला जातो: जाड मार्करनं लिहिलेली गाण्यांची नावं, कडेला पट्टीची खूण, एखादं गाणं खोडून खाली सरकवलेलं. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतले लोक ज्यासाठी हात पसरतात तो हाच कागद. त्याच्या बाजूलाच छोटा टीव्हीसारखा पडदा असतो, गाण्याचे बोल दाखवणारा. सत्तरीच्या माणसानं बोल बघून गायले तर त्यात कमीपणा नाही.

वाजायला लागल्यावर

पहिल्या दोन गाण्यांत आवाज नीट बसलेला नसतो, त्यावरून मत बनवू नका. तिसऱ्या-चौथ्यापासून जुळायला लागतं. या वेळात गायकाकडे बघण्यापेक्षा ड्रमर आणि बासवाल्याकडे बघा. ते एकमेकांकडे बघतात का? चूक झाली तर हसतात का, की मान फिरवतात? ईगल्सच्या डॉन हेन्लीनं म्हणे सांगितलं होतं, नरक गोठला तर आम्ही एकत्र येऊ. १९९४ मध्ये ते आलेच, आणि दौऱ्याला नावही तेच दिलं. पैशांसाठी आले, वयाची जाणीव झाली म्हणून आले, की कुणाच्या मरणानं आले, हे मंचावरच्या दोन तासांत बऱ्यापैकी कळतं. पैशांसाठी आलेलेसुद्धा कधी कधी अप्रतिम वाजवतात, ही त्यातली गंमत.

मध्ये 'हे आमचं नवीन गाणं' अशी घोषणा होते आणि अर्धं मैदान बाथरूमकडे आणि बारकडे निघतं. तुम्ही जाऊ नका. एक तर रांग तेव्हाच सर्वांत लांब असते, आणि बँड आज कुठे आहे ते त्या एकाच गाण्यात ऐकू येतं. गेलेल्या सोबत्याचा फोटो मागच्या पडद्यावर येतो तेव्हा गप्पा थांबवा. एरवीही थांबवल्यात तर शेजारचे दुवा देतील. मोबाइल डोक्यावर धरून पूर्ण गाणं चित्रित करणाऱ्याच्या मागे उभं राहण्याची पाळी कुणावर येऊ नये. एखादं कडवं घ्या आणि खिशात ठेवा.

गोव्यातला प्रेक्षक मुंबईपेक्षा निराळा असतो. पुढे पोरं उड्या मारत असतील, पण कडेला एखादं साठीचं जोडपं व्यवस्थित पावलं टाकत जाइव्ह हा जोडीचा नाच करताना दिसेल. त्यांना वाट द्या. पुढे धक्काबुक्कीचं रिंगण सुरू झालं आणि तुम्हाला नको असेल तर शांतपणे बाजूला सरका. कोणी पडला तर मात्र आधी त्याला उचलायचं, हा नियम सगळीकडचाच. चक्कर आल्यासारखं वाटलं तर पुढच्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला हात करा, ते वरून उचलून काढतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटचं गाणं झालं म्हणून बँड आत जातो, दिवे बंद राहतात, लोक ओरडतात आणि बँड परत येतो. हे ठरलेलंच असतं. दिवे बंद आहेत तोवर निघू नका. मैदानातले पांढरे दिवे लागले आणि स्पीकरवर दुसरं कसलं तरी संगीत सुरू झालं, की संपलं.

संपल्यावर

घाईनं गेटकडे लोटू नका, पंधरा-वीस मिनिटं तिथंच थांबा. गर्दी आपोआप पातळ होते. पणजी-म्हापशात एव्हाना बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात, पण रस्साऑम्लेटचा गाडा चालू असतो: शाकुतीच्या रश्शात बुडवलेलं ऑम्लेट, वर कांदा आणि लिंबू, सोबत पाव. बोलताना आपण ओरडतोय हे गाडेवाल्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

रात्री कानात सूं आवाज येत राहिला तर घाबरू नका, पण सकाळी प्रवासात हेडफोन लावून तीच गाणी ऐकण्याचा मोह टाळा. कानांना दिवसभर शांतता द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आवाज थांबला नाही, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर 'जाईल आपोआप' म्हणून बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा, आणि एकाएकी ऐकू यायचं बंद झालं असेल तर त्याच दिवशी.